उणे झालेल्या अंगाचा मान

५ फेब्रुवारी हा संत आगाथा या रक्तसाक्षी कुमारिकेचा स्मरणदिन. त्या दिवशीच्या सायंकाळच्या मिस्सेला आमच्या देवळात मोजकीच माणसे असतात. नागपूरची थंडी ओसरू लागलेली असते, मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, आणि ख्रिस्तयागाच्या प्रार्थनेत आगाथेचे नाव कधीमधी कानांवर पडले असले, तरी ती कोण होती हे फारसे कुणाला ठाऊक नसते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सायंकाळी आम्ही तिच्या धैर्यावर चार शब्द बोललो. मिस्सा आटोपल्यावर एक भगिनी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबल्या. वय पंचेचाळिशीचे, व्यवसाय शिक्षिकेचा. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली होती. स्तन काढावा लागला, केमो झाली, शेक झाले. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी रुग्णाभ्यंगाचा संस्कार आम्हीच त्यांना दिला होता.

"फादर, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, पोटाची चरबी काढून छातीत भरता येईल. दोन-तीन वेळा करावं लागेल. करून घेतलं तर पाप लागेल का?" आणि थोडे थांबून, "मैत्रिणीजवळ बोलले तर ती म्हणाली, या वयात आता कुणाला दाखवायचंय?"

आम्ही चटकन उत्तर दिले. "ताई, देवाने जीव वाचवला हे काय थोडे झाले? उरलेले दुःख क्रुसापाशी ठेवा." त्या "बरं, फादर," एवढेच म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या "बरं"ने त्या रात्री आमची झोप उडवली. आम्ही जे बोललो ते असत्य नव्हते. परंतु भाकरी मागणाऱ्याच्या हाती दगड ठेवल्यासारखे ते झाले होते. शिवाय आणखी एक गोष्ट टोचत होती. त्या सायंकाळच्या प्रवचनात आम्ही आगाथेची कथा अर्धीच सांगितली होती.

ही संपूर्ण कथा अशी. तिसऱ्या शतकात, सम्राट देसियसच्या छळाच्या काळात, सिसिली बेटावरील कातानिया नगरीत आगाथा राहत होती. आपले कौमार्य तिने ख्रिस्ताला वाहिले होते. तेथील अधिकारी क्विंतियानस याला तिने नकार दिला, तेव्हा त्याने तिचे हाल केले आणि तिचे स्तन कापविले. प्रवचनात आम्ही येथेच थांबलो होतो. पण परंपरा पुढे सांगते की, रात्री अंधारकोठडीत एक वृद्ध पुरुष औषधे घेऊन आला. मी देहाला कधी औषध लावले नाही, असे आगाथा म्हणाली. तेव्हा आपण प्रभूचा प्रेषित पेत्र असल्याचे त्याने सांगितले. तो अदृश्य झाल्यावर तिने पाहिले, तर तिच्या जखमा भरल्या होत्या आणि तिचे स्तन पूर्ववत झाले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला जळत्या निखाऱ्यांवरून लोळविण्यात आले आणि तिने प्राण सोडला.

कथेचा हा भाग इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. तथापि ज्या कथा ख्रिस्तसभेने शतकानुशतके जपल्या, त्यांतून तिची श्रद्धाही बोलते. म्हणून आम्ही स्वतःला विचारले : आगाथेला तर थोड्याच दिवसांत मरायचे होते. तिला संसार करायचा नव्हता, बाळाला पाजायचे नव्हते, कुणाला काही दाखवायचे नव्हते. तिच्या तारणासाठी वा तिच्या साक्षीसाठी ते अवयव परत मिळण्याची काहीच गरज नव्हती. मग स्वर्गाने ते का दिले? आम्हांस एकच उत्तर सुचते. जे अंग क्रूरपणे हिरावले गेले ते तिचे होते, आणि ज्याने ते घडविले त्याला ते प्रिय होते. उपयोग काय, हा प्रश्न त्या कोठडीत कुणी विचारलाच नाही. "या वयात कुणाला दाखवायचंय?" या बोलण्याला याहून नेमके उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

आता त्या शस्त्रक्रियेविषयी. नीट माहिती करून न घेता नैतिक निवाडा देणे हा आम्हां धर्मगुरूंचा जुना दोष, म्हणून आम्ही डॉक्टरांकडून ती समजून घेतली. तिला फॅट ग्राफ्टिंग म्हणतात; मराठीत आपण मेदरोपण म्हणू. रुग्णेच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीने ओढून घेतात, तिच्यातील रक्त, पाणी आणि तेल वेगळे करतात, आणि उरलेली चरबी थेंबाथेंबाने छातीच्या कातडीखाली वेगवेगळ्या थरांत सोडतात. थेंबाथेंबानेच, कारण नव्या जागी गेलेल्या चरबीला सभोवतालच्या मांसातून रक्त मिळावे लागते. मोठा गोळा एकदम भरला तर त्याचा गाभा उपाशी राहून मरतो. एवढी काळजी घेऊनही काही भाग शरीर शोषून घेतेच. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने ही क्रिया पुन्हा करावी लागते. केवळ गाठ काढल्याने पडलेला खळगा भरण्यास ही रीत विशेष सोयीची. संपूर्ण स्तन नुसत्या चरबीने उभारावयाचा तर अनेक खेपा लागतात. त्यातून आकार येतो; गेलेली संवेदना तीतून परत आणता येत नाही.

ही कल्पना नवी नाही. १८९५ साली जर्मनीतील हायडेलबर्गचे शल्यविशारद व्हिन्सेन्झ चेर्नी यांनी एका स्त्रीच्या स्तनाची पोकळी तिच्याच शरीरावरील चरबीच्या गाठीने भरून काढली होती. मात्र पुढे भीती निर्माण झाली. मेलेल्या चरबीचे खडे होतात आणि मॅमोग्राफीच्या चित्रात ते कर्करोगासारखे भासू शकतात. म्हणून १९८७ साली अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी भरण्यास विरोध केला. २००९ साली त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने, मिळालेला पुरावा तपासून, सावधपणे वाट मोकळी केली. रोग परत येण्याचे प्रमाण या उपचाराने वाढते असे आजवरच्या बहुतेक अभ्यासांत दिसलेले नाही. तरी मूळ रोगाचे उपचार पूर्ण झाल्यावर, कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीनेच हे करावे, आणि पुढे प्रत्येक तपासणीच्या वेळी आपणांवर मेदरोपण झाले आहे हे डॉक्टरांना सांगावे. इटलीतील व्हेरोना येथील डॉ. जिनो रिगोत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली आणखी एक गोष्ट मांडली. शेक दिल्याने करपून कडक झालेली कातडी अशा रोपणाने मऊ होऊ लागते. ज्यांनी शेक घेतलेल्या रुग्णेची छाती पाहिली आहे, हात वर करताना तिला पडणारा ताण पाहिला आहे, त्यांना हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही हे सांगावे लागणार नाही.

कुणी म्हणेल, ही पाश्चात्त्यांची चैन आहे. आपल्या मातीत असली खुळे नव्हती. वस्तुस्थिती उलट आहे. कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान इंग्रजांच्या सैन्यात होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या वीट भाजणाऱ्या जातीतील एका माणसाने कावसजीच्याच कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक घडविले. इंग्रज डॉक्टरांनी ती रीत समक्ष पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचा वृत्तान्त चित्रासह छापला गेला आणि तो वाचूनच पुढे युरोपातील शल्यविशारद या विद्येकडे नव्याने वळले. नाकावाचून कावसजी जगत होताच. तरीही त्याने चाकूखाली बसणे पत्करले, कारण चेहऱ्यावर कोरलेला तो अपमान त्याला मरेपर्यंत वागवायचा नव्हता. त्याला आपण अहंकारी म्हणत नाही. मग जे दुःख साडीच्या पदराखाली झाकलेले असते, ते झाकलेले आहे म्हणून लहान का ठरावे?

आता आमच्या आचार्यांकडे वळू. सेमिनरीत आम्हांस नीतिशास्त्र शिकविताना संत थॉमस अक्वायनस यांचे एक तत्त्व घोकून घेतले जाई : संपूर्ण देहाच्या हितासाठी रोगट अवयव काढून टाकणे योग्य आहे. स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचे समर्थन याच तत्त्वावर उभे आहे. पण याच आचार्यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिया' या ग्रंथात स्त्रियांच्या साजशृंगाराचा विचार करताना जे म्हटले आहे, ते त्या वेळी आमच्या ध्यानी राहिले नाही. नसलेल्या सौंदर्याचे सोंग आणणे वेगळे, आणि आजारासारख्या कारणाने आलेली विद्रूपता झाकणे वेगळे, असा भेद ते करतात. पहिल्याला ते दोष देतात, दुसऱ्याला मुभा देतात. आधार घेतात तो संत पौलाचा. देहाची जी अंगे आपणांस कमी मानाची वाटतात त्यांनाच आपण अधिक मान देतो, असे पौलाने करिंथकरांस लिहिले होते. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या संन्याशाला आमच्यापेक्षा त्या शिक्षिकेचे मन अधिक कळले असते, अशी कबुली देणे आम्हांस भाग आहे.

पोप पायस बारावे यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी इटलीतील प्लास्टिक सर्जनांच्या परिषदेपुढे याच विषयावर भाषण केले. ते त्यांच्या अखेरच्या भाषणांपैकी एक. पाचच दिवसांनी त्यांचे निधन झाले. शरीराचे सौंदर्य हे एक खरे मूल्य आहे, मात्र ते सर्वोच्च मूल्य नव्हे, हा त्या भाषणाचा गाभा. हेतू सरळ असावा, कारण सयुक्तिक असावे, धोका प्रमाणाबाहेर नसावा. या अटी पाळल्या तर अशी शस्त्रक्रिया निषिद्ध नाही. केवळ मोह पाडण्यासाठी किंवा कायद्यापासून तोंड लपविण्यासाठी ती करणे मात्र निषिद्ध. तेव्हा "पाप लागेल का?" या प्रश्नाचे उत्तर १९५८ सालीच देऊन ठेवलेले होते. ते ठाऊक नसण्याचा दोष आमचा.

एवढ्याने विषय संपत नाही. अनुमती आणि आज्ञा यांत अंतर आहे. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने देहाच्या पूजेविरुद्ध इशारा दिला आहे, आणि आजच्या बाजाराकडे पाहता तो अनाठायी नाही. ज्या नळीने रुग्णेची छाती भरून निघते, त्याच नळीने निरोगी तरुणींना त्यांचा देह अपुरा असल्याचे सांगून पैसा उकळता येतो. नैतिक वजन हेतूला आणि दुःखाला असते. नळी दोन्हीकडे सारखीच. तसेच, पतीच्या नजरेखातर किंवा "लोक काय म्हणतील" या धाकाने कोणत्याही स्त्रीला पुन्हा भुलेखाली जावे लागणे हा दुसरा अत्याचार होय. विवाहसंस्काराच्या वेळी सुखात आणि दुःखात, आरोग्यात आणि आजारात साथ देण्याचे वचन पतीने दिलेले असते. आमचा अनुभव असा की, ज्या घरी पती जखमेवरची पट्टी स्वतःच्या हाताने बदलतो, त्या घरी पत्नीचा निर्णय, तो कोणताही असो, मोकळ्या मनाने होतो.

आमच्याच धर्मग्रामातील दुसऱ्या एका वृद्ध मावशींनी स्तन काढल्यावर पुढे काहीही करण्यास नकार दिला. "हा व्रण म्हणजे माझी पावती आहे, फादर," असे त्या हसून म्हणतात. त्यांचेही खरे आहे. पुनरुत्थित प्रभूने थोमाला दाखविले ते व्रणच होते. गौरवलेल्या देहावरून त्याने ते पुसले नव्हते. तर मग एक भगिनी पूर्णत्व मागते आणि दुसरी व्रण जपते, यांत अधिक ख्रिस्ती कोण? या ठिकाणी संत ऑगस्टीन आमच्या साहाय्याला येतात. 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात ते रक्तसाक्ष्यांच्या पुनरुत्थित देहांविषयी लिहितात. त्यांच्या मते कापले गेलेले अवयव रक्तसाक्ष्यांना परत मिळतील, आणि तरीही व्रणांच्या खुणा त्यांच्या देहांवर दिसतील. त्या खुणा व्यंग म्हणून राहणार नाहीत. त्या सन्मानचिन्हे होतील. अवयव परत आणि खूणही शिल्लक, असे दोन्ही एकाच देहावर. मेदरोपण झालेल्या छातीवरही टाक्यांची रेघ उरतेच. त्या शिक्षिका आणि त्या मावशी एकाच आशेच्या दोन बाजू सांभाळीत आहेत, असे आम्हांस वाटते.

राहता राहिला न्यायाचा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला. रुग्णांना भेटण्यासाठी आम्ही तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जातो, तेव्हा गोंदिया, गडचिरोली, बालाघाटकडून आलेल्या स्त्रिया दिसतात. त्यांतल्या कित्येक गाठ मोठी झाल्यावरच येतात. गरिबी हे एक कारण, आणि लाज हे दुसरे. 'स्तन' हा शब्द या पानांवर इतक्यांदा वाचून काही वाचकांना संकोच वाटला असेल. पण त्या संकोचापायी गाठ महिनोन्‌महिने दडविली जाते, आणि त्या विलंबाची किंमत एखाद्या लेकराला आई गमावून मोजावी लागते. आणखी एक विदारक गोष्ट : धानाच्या बांधीत राबणाऱ्या त्या किडकिडीत देहांवर काढण्याजोगी चरबी तरी कितीशी असणार?

आमच्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी रोखठोक विचारले, "एकीच्या आकारासाठी द्यायचे की दुसरीच्या केमोसाठी?" प्रश्न रास्त होता. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, जी विमा योजना स्तन काढण्याचा खर्च देते तिने पुनर्रचनेचाही खर्च दिला पाहिजे असे ठरविले. पुनर्रचना हा उपचाराचाच भाग आहे हे तत्त्व तेथे मान्य झाले. तत्त्व योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाची दानपेटी लहान असते, आणि तिच्यातील पहिला रुपया जीव वाचविण्यासाठीच गेला पाहिजे. एवढे मात्र आम्ही त्या बैठकीत सांगितले की, एखादी गरज दुसरी आहे म्हणून ती चैन ठरत नाही. आधी भाकरी, मग वस्त्र, असे आपण म्हणतो. म्हणून उघड्याने राहावे असे कुणी म्हणत नाही. त्या बैठकीतून एक छोटी गोष्ट निघाली. सुती धाग्याने विणलेले, आत मऊ कापूस भरलेले, चोळीच्या आत बसणारे कृत्रिम स्तन अल्प खर्चात होतात. आमच्या महिला मंडळाच्या शिवणवर्गाने ते करावयास घेतले. मोठे आहे असे नाही. पण उणे झालेल्या अंगाला मान देण्याचा तोही एक मार्ग आहे, आणि त्याला शस्त्रक्रिया लागत नाही.

त्या शिक्षिकेच्या घरी आम्ही आठवड्याभरातच गेलो. आधी क्षमा मागितली, मग आगाथेच्या कथेचा उरलेला अर्धा भाग सांगितला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे, फादर, मागणं हट्ट नव्हतं." आम्ही म्हटले, "नव्हतं, ताई. आणि न मागितलं तरी तुमच्यात काही उणं नाही." त्यांचा प्रश्न येथे लिहिण्याची अनुमती त्यांनी दिली आहे. त्यांनी पुढे काय ठरविले ते लिहिण्याचा अधिकार मात्र आमचा नाही. तो निर्णय त्यांचा, त्यांच्या डॉक्टरांचा आणि त्यांच्या देवाचा.

पुढल्या ५ फेब्रुवारीला मिस्सेला पुन्हा मोजकीच माणसे होती. प्रवचन मात्र थोडे लांबले, कारण त्या सायंकाळी आम्ही आगाथेची कथा शेवटपर्यंत सांगितली.